अकरा-दहाची रेघ

"ती माझी आहे!"

दोघांच्या तोंडून हे एकाच क्षणी निघालं आणि दोघांचे हात एकाच प्लास्टिकच्या पिशवीवर पडले. पिशवीत होती हातभर लांबीची एक केबल. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला तीन सुट्या तारा — काळी, पांढरी, हिरवी. सुट्या भागांचं ते चिंचोळं दुकान, भिंतभर छोटे छोटे खण, आणि या केबलच्या खणात आज नेमकी एकच शिल्लक!

"मी आधी हात घातला," ती म्हणाली.

"मी आधी बघितली," तो म्हणाला.

"नुसतं बघून वस्तू मिळायला लागल्या तर मग काय..." ती बोलता बोलता थांबली. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता. चक्क भुसा! आणि अंगाला राळेचा वास. कॉम्प्युटरच्या केबलवर हक्क सांगणारा माणूस असा सुतारासारखा का दिसतोय?

"भांडा बाबांनो, पण जरा बाजूला होऊन," दुकानदारकाका चष्म्यावरून बघत म्हणाले. "नवा माल पंधरा दिवसांनी."

"तुम्हाला कशाला हवीय?" तिने विचारलं. पिशवी सोडली मात्र नाही.

"मी व्हायोलिनं दुरुस्त करतो."

"आणि व्हायोलिनला यूएसबी लागते?"

"व्हायोलिनला नाही हो!" तो हसला. हसला की त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त मिटायचा. "माझ्याकडे खेळातल्या पत्त्याएवढा एक कॉम्प्युटर आहे. एकच बोर्ड, बाकी काही नाही. तार छेडली की तो ऐकतो आणि किती बेसूर आहे ते सांगतो. कालपासून रुसलाय. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. आत काय बिनसलंय ते या तीन तारांशिवाय कळणार कसं? तुम्हाला कशाला?"

"मलाही तसलाच बोर्ड जागा करायचाय. फक्त माझा व्हायोलिन नाही ऐकणार."

"मग काय ऐकणार?"

ती मुद्दाम थोडं थांबली. हे वाक्य सांगायला तिला फार म्हणजे फार आवडायचं.

"पृथ्वी."

त्याने पिशवी सोडून दिली. तोंड किंचित उघडंच. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग... आधी तुम्हीच घ्या. सोमवार ते बुधवार तुमची. गुरुवार ते शनिवार माझी. चालेल?"

"आणि रविवार?"

"रविवारचं... बघू," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. काका खोकल्यासारखं करून हसले.

*

ती तेवीस वर्षांची होती आणि विज्ञान संग्रहालयात नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. तिथले सगळे तिला 'तळघरवाली' म्हणत, कारण तिचं राज्य एकोणीस पायऱ्या खाली होतं. तिथे खडकात रोवलेला एक दगडी खांब होता. तो भोवतालच्या फरशीला कुठेही टेकत नव्हता, चारी बाजूंनी बोटभर फट. खांबावर डब्याएवढा सेन्सर. जमीन केसाच्या हजाराव्या भागाएवढी हलली तरी त्याला कळायचं!

पण त्याचं ऐकणारा कॉम्प्युटर मेला होता. तो एका कंपनीने दिलेला बंद खोका होता. चालू केला की आधी कंपनीची परवानगी मागायचा, आणि कंपनी तर केव्हाच बंद पडलेली. ज्या घरात कोणी राहत नाही त्या घराची कडी वाजवत बसावं तसा तो खोका रोज सकाळी कडी वाजवत बसायचा.

"पन्नास दिवस आहेत," संग्रहालयाच्या प्रमुख म्हणाल्या होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत आणि त्यांचा आवाजही तसाच होता, स्टेशनवर गाडी आली सांगावी असा. "पन्नास दिवसांत तीस दिवसांची सलग नोंद पाठवायची. मध्ये खंड नको, आणि नोंद शांत हवी. नाहीतर जगभरच्या भूकंप-केंद्रांच्या यादीतून आपलं नाव जाईल. मग हे तळघर अडगळीला. आणि तुझं काम... तळघरच नसेल तर तळघरवाली ठेवू कशाला मी?"

आता तुम्ही म्हणाल, बाई कडक होत्या. होत्याच. पण तो बंद खोका काढून टाकायची परवानगी त्यांनीच दिली, आणि "तुला जमेल?" असं विचारलंसुद्धा नाही. ते न विचारणं तिला फार आवडलं होतं.

तिने एक छोटासा बोर्ड घेतला. मोबाइलमध्ये असते तसल्या एआरएम जातीच्या चिपचा, खिशात मावेल एवढा. मेमरी कार्डावर मुक्त सॉफ्टवेअरची ऑपरेटिंग सिस्टीम उतरवून घेतली. पहिल्यांदा मोठ्या कॉम्प्युटरची उतरवली, ती या चिपला कळेचना. मग एआरएमची उतरवली. कार्ड घातलं, वीज दिली. लाल दिवा लागला आणि... काही नाही. केबल लावली. पडदा काळा तो काळाच. सोमवार गेला. मंगळवार गेला.

बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी पायऱ्यांवर कोणाची तरी पावलं वाजली. तिसऱ्या पायरीवर एक छोटीशी उडी, मग बाकीच्या पायऱ्या भराभर.

"केबल न्यायला आलो," तो दारात उभा. आज केसांत भुसा नव्हता. उलट केस ओले करून बसवलेले होते आणि तरी मागे एक बट उभी राहिलीच होती. "झाला का जागा?"

"कसला जागा! मेलाय," ती रडकुंडीला आली होती. "सगळं बरोबर केलंय. दहादा तपासलंय. नावाला नाव जुळवलंय!"

"नावाला नाव? म्हणजे कसं?"

"म्हणजे काय, केबलची बोलायची तार बोर्डाच्या बोलायच्या पिनेला. ऐकायची तार ऐकायच्या पिनेला. बघा ना!"

तो खाली वाकला. पाहिलं. आणि ओठ दाबून हसू लागला.

"हसताय काय?"

"दोघं समोरासमोर तोंड करून बोलतायत हो. एकदम. ऐकतंय कोण?"

 मग तिने कपाळावर इतक्या जोरात हात मारला की तो दचकला. "अगं बाई! एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला हवं!"

"सगळेच असं करतात. मी तर अख्खा आठवडा जुळवत बसलो होतो."

तिने हिरवी आणि पांढरी तार उलट केली. त्याने बोर्ड धरून ठेवला. बोटांना बोटं लागली नाहीत... पण अगदी थोडक्यात लागली नाहीत. तिने वीज दिली.

आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायला लागली.

एक ओळ. दुसरी ओळ. मग दहा, मग पन्नास, पागोळ्या लागाव्यात तशा. मेमरी सापडली. कार्ड सापडलं. घड्याळ सापडलं नाही, कारण या बोर्डाला स्वतःचं घड्याळच नसतं. हरकत नाही, वेळ कोणाला तरी विचारून घेऊ. एकेक अवयव जागा होत होता आणि जागा होताना आपलं नाव सांगत होता. दोघंही श्वास धरून बघत होते. शेवटी पडदा थांबला आणि एक चौकोन लुकलुकायला लागला. मी आहे. तू कोण?

तिने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. वर इंग्रजीत दोन-तीन ओळी आल्या आणि तिने त्या मोठ्याने, आपल्या भाषेत वाचल्या. "ही प्रणाली मुक्त आहे... कायद्यात बसेल तिथपर्यंत, कसलीही हमी नाही."

"किती प्रामाणिक, ना?" तो हळूच म्हणाला. "सगळं उघडं ठेवतात, कोणीही आत डोकावा म्हणतात, आणि वर सांगतात, हमी नाही."

"हजारो लोकांनी लिहिलंय हे," ती म्हणाली. तिच्या अंगावर खरंच काटा आला होता. "एकमेकांना कधी न भेटलेल्या. कोणीतरी कुठल्याशा खोलीत बसून एखादी ओळ लिहिली असेल, दोन वेळा खोडली असेल..."

"आणि ती आज आपल्या तळघरात उमटली."

आपल्या. दोघांनाही तो शब्द ऐकू आला. दोघांनीही ऐकू न आल्यासारखं केलं.

तिने सेन्सरची तार जोडली, प्रोग्राम चालू केला, आणि पडद्यावर एक बारीक निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. शांत. जिवंत.

"उडी मार ना!" ती ओरडली.

"काय?"

"उडी! मार तू!"

त्याने मारली. रेघ ताडकन उभी राहिली, थरथरली, निवली. तो खुदकन हसला. आपण याला 'तू' म्हणालो हे तिच्या लक्षात यायला अर्धं मिनिट लागलं, आणि तोवर तो म्हणाला होता, "आता तू मार."

*

मग काय! केबलची खरं तर आता कोणालाच गरज नव्हती. हे तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तरी सोमवारी केबल यायची, बुधवारी जायची, आणि मधल्या दिवशीही तो यायचाच. कधी पेचकस विसरला म्हणून. कधी "त्या रेघेचं काय झालं पुढे?" म्हणून, जणू ती रेघ म्हणजे कोणाची तरी आजारी मावशी. वेळ ठरलेली होती, अकरा-दहा. त्याच्या मामाचं व्हायोलिनचं दुकान गल्लीच्या टोकालाच होतं आणि अकराला मामा चहाला जायचे.

त्या रेघेत काय काय दिसायचं! समोरून गेलेला ट्रक. शाळा सुटली की शंभर मुलांची धाव. आणि सगळ्याच्या मागे, कधीही न थांबणारी एक मंद लाट.

"ही काय आहे?" त्याने पहिल्यांदा विचारलं.

"समुद्र."

"समुद्र? इथून तर गाडीने एक दिवस लागतो!"

"लाटा तिकडे किनाऱ्यावर आपटतात, जमीन इकडे डोलते. आपण त्याच्यावरच उभे असतो. रोज. कळत नाही, इतकंच."

तो पायांखाली बघत राहिला.  मग म्हणाला, "हे ऐकता आलं तर?"

ऐकता यायचं नाही. पृथ्वीचा आवाज माणसाच्या कानाला फार खालचा. पण तो पडला व्हायोलिनवाला, गप्प थोडाच बसतोय! दुसऱ्याच दिवशी त्याने नोंद शंभरपट वेगाने वाजवायचा प्रोग्राम आणला. अख्खा दिवस साडेचौदा मिनिटांत. त्यांनी एकच हेडफोन अर्धा अर्धा घेतला आणि डोळे मिटले.

पाण्याखाली कोणीतरी झोपेत गुणगुणावं तसा आवाज. मध्येच थप्प, संग्रहालयाचं दार. मध्येच दूर कुठेतरी, त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यात जाड तारेच्याही कितीतरी खाली, एक घुमारा. कुठल्या तरी देशात जमीन किंचित सरकली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, का ते तिलाच कळलं नाही. तेवढ्यात 'चुर्र' असा एक छोटासा आवाज आला.

"हे काय होतं?"

"हे?" ती डोळे न उघडता म्हणाली. "हा तू. अकरा-दहा."

तळघरात एक जुनं रजिस्टर होतं. मोठी खूण उमटली की लिहायचं: वेळ, किती सेकंद, कारण. रोजच्या त्या खुणेपुढे ती 'कारण' खाली लिहायची, 'पावलं'. एवढंच. पण अक्षर जरा जास्तच वळणदार यायचं.

आणि मग पहिला अहवाल आला. यादीवाल्यांकडून, आपोआप निघालेला, कोरडा ठणठणीत. *अकरा ते साडेअकरा नोंद अशांत. दिवस बाद.* दुसरा दिवस, बाद. तिसरा, बाद.

तिने काय केलं माहितीये? तिने त्याची पावलं कापून टाकली. एक कमांड दिली आणि तेवढा तुकडा पुसला. स्वतःवर जाम खूश झाली. दुसऱ्या दिवशी अहवाल आला: *नोंदीत खंड. दिवस बाद.*

त्या बुधवारी हातात एकतीस दिवस उरले होते, तोच दिवस धरून. उद्यापासूनचा एकही दिवस वाया घालवून चालणार नव्हतं. आणि अकरा-दहाला तिसऱ्या पायरीवर उडी वाजली.

रात्रभर तिने वाक्य घोकलं होतं. चांगलं वाक्य होतं. पण तो समोर हसत उभा राहिला, डावा डोळा जास्त मिटून, आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"तू येऊ नकोस. तू... तू गोंगाट आहेस."

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"म्हणजे नोंदीत!" ती घाईघाईने म्हणाली. "तीस दिवस शांतता हवीय. खाली कोणीच उतरायचं नाही, मीसुद्धा नाही. माझी नोकरी, हे तळघर..."

"कळलं," तो म्हणाला. त्याने रेघेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ठीक आहे. तुमचं काम होऊ दे."

तुमचं!

तो गेला. केबल भिंतीतल्या खिळ्यावर तशीच राहिली. पडद्यावर त्याची पावलं वर चढताना दिसली, हळू, एकेक. वरून तिसऱ्या पायरीवर पावलं थांबली. चार मिनिटं तिथे काहीच हललं नाही. मग तीन पायऱ्या आणि दार.

*

दुसऱ्या दिवसापासून ती वर, तळमजल्यावरच्या खोलीत बसायला लागली, रेघ तिथल्याच कॉम्प्युटरवर बघत. बूट काढून, मोजे घालून. मोठ्या बाईंनाही तिने मोजे घालायला लावले, आणि बाईंनी ते निमूट घातले!

फोन? करता आला असता हो. पण काल 'तू' म्हणणारा माणूस आज 'तुम्ही' म्हणतो, तेव्हा फोन उचलून बोलायचं काय? तिने चार वेळा निरोप लिहिला, चार वेळा पुसला. पुसणं तिला आता चांगलंच जमत होतं.

एक दिवस, दोन, पाच. अहवाल येत होते: *शांत. अखंड. ग्राह्य.* मोठ्या बाई खूश. तिला मात्र त्या सपाट अकरा-दहाकडे बघवत नव्हतं. नवव्या दिवशी, नुसतं बघवत नाही म्हणून नीट बघायचंच असं ठरवून, तिने तेवढीच रेघ ओढून ओढून मोठी केली.

आणि तिथे काहीतरी होतं.

समुद्राच्या लाटेवर बसलेले अगदी बारके टोचे. तीन. मग जरा जागा. मग दोन.

पाण्याचा पंप असेल, ती म्हणाली. आदल्या दिवसाची रेघ काढली. अकरा-दहा: तीन, दोन. त्याच्या आदल्या दिवशी: तीन, दोन. पार पहिल्या दिवसापर्यंत! रविवारीसुद्धा, संग्रहालय बंद असताना! आणि दर वेळी खुणेची उंची अशी की यादीवाल्यांच्या मर्यादेच्या एक चिमूटभर खाली.

संध्याकाळी तिने छापील कागद ताईपुढे धरला. तिची मोठी बहीण फिजिओथेरपिस्ट होती, दिवसभर लोकांची चाल बघायची आणि रस्त्याने जातानाही अनोळखी माणसांना "टाच आधी टेका" म्हणायची.

"हे चालणं आहे?"

ताईने कागद उलटसुलट केला. "छे! हे जागच्या जागी पाय आपटणं आहे. दोन पायांनी आपटलं असतं तर एक खूण मोठी, एक छोटी आली असती. या सगळ्या सारख्या. एकच पाय आहे बघ." मग जुना कागद ओढून घेतला, पायऱ्यांवरच्या पावलांचा. "आणि हा? हा कोण? एका पायावर जरा जास्तच भार देतो. नंतर गुडघा दुखेल त्याचा, सांगून ठेव."

"मी कशाला सांगू?"

"अस्सं! मग लाल कशाला होतेयस?"

दहाव्या दिवशी अकरा वाजल्यापासून ती खिडकीशी उभी होती. अकरा-नऊला पलीकडच्या फुटपाथवर तो आला. दिव्याच्या खांबापासून पावलं मोजत एका ठरावीक फरशीवर उभा राहिला. हातातला मोबाइल पाहिला, घड्याळ पाहिलं. आणि भर रस्त्यात, येणारे-जाणारे वळून बघत असताना, अत्यंत गंभीर चेहऱ्याने डावा पाय आपटला. तीन वेळा. थांबला. दोन वेळा.

तिला धावत सुटायचं होतं. दार उघडून, पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून! पण लाकडी जमिनीवर ती धावली असती तर तो दिवस बाद झाला असता. त्याने इतक्या मापाने जपलेला दिवस. म्हणून ती मोज्यांतल्या पायांनी, मांजरासारखी, एकेक पाऊल टाकत निघाली. फाटकापर्यंत पोचली तेव्हा तो गल्लीच्या टोकाला दुकानात शिरत होता. मामांचा चहा संपला असणार.

हाक मारता आली असती. पण मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तो मोबाइलवर काय बघत होता? रेघ! केंद्राची नोंद उघडी होती, जगात कोणीही बघू शकत होतं. इतके दिवस तो बोलत होता आणि तिने कान लावलाच नव्हता.

अकराव्या दिवशी रविवार होता, तरी ती आली. त्याचे तीन-दोन उमटले. तिने श्वास घेतला आणि टाचेने जमिनीवर हलकेच ठोके दिले. दोन. मग तीन.

खिडकीतून तिला तो दिसत होता. त्याने मोबाइलकडे पाहिलं. डोळ्यांजवळ नेला. आणि मग तो मोठा माणूस, भर फुटपाथवर, दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा राहिला.

*

फोन दोघांनीही केला नाही, तिसाव्या दिवसापर्यंत. आता तो रुसवा नव्हता, ती मजा होती. रोज तीन-दोन, रोज दोन-तीन. मध्ये फरशी, माती, दगड, रस्ता.

तिसावा दिवस शुक्रवार होता. मोजणी दुपारी चारला संपायची. अकराला दहा मिनिटं असताना रेघ शहारली. ट्रक नव्हता, दार नव्हतं. बारीक, भराभर थरथर, मग थांबणं, मग पुन्हा. तिने खुर्चीची कड घट्ट धरली.

अकरा-दहा झाले. ठोके नाहीत. अकरा-अकरा. नाहीत.  पण खिडकीकडे बघायला तिला सवडच नव्हती, कारण रेघ आता फुगायला लागली होती. संथ, प्रचंड. एकेक लाट जायला वीस-वीस सेकंद. पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत चढायची आणि खालच्या कडेपर्यंत उतरायची.

मोठ्या बाई मोज्यांवर घसरतच आल्या. "काय झालं?" आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या कुजबुजल्या.

"भूकंप. बाकीच्या केंद्रांनी कळवलंय, पृथ्वीच्या पार पलीकडे, महासागराच्या तळाशी. कोणाला इजा नाही, वस्तीच नाही तिथे. त्याच्या लाटा... आपल्यापर्यंत आल्यात. हा गोंगाट नाही, हे टिपायलाच तर हे यंत्र आहे."

तिने तळवा जमिनीवर ठेवला. काही म्हणजे काही जाणवलं नाही. पण याच क्षणी हे घर, ही गल्ली, मामांच्या दुकानातलं एकेक व्हायोलिन, शाळा, झाडं, सगळं शहर हळूच वर उचललं जात होतं आणि हळूच खाली ठेवलं जात होतं. झोपलेल्या बाळाला न उठवता कुशी बदलावी तसं. आणि हे सगळं टिपत होता कोण? खिशात मावणारा एक बोर्ड, एकमेकांना न भेटलेल्या हजारो माणसांच्या ओळींवर चालणारा. मोठ्या बाईंनी तिचा हात धरला होता. दोघींनाही ते बऱ्याच वेळाने कळलं.

चारला अहवाल आला. *तीस दिवस. शांत. अखंड. केंद्र यादीत कायम.* बाईंनी तो दोनदा वाचला, मोजे काढले, बूट घातले आणि मुद्दाम पाय आपटत आपटत आपल्या खोलीत गेल्या.

ती मात्र तीस दिवसांनी तळघरात उतरली आणि पडद्यासमोर बसली. चार वाजून पाच. चार वाजून सहा. रेघेवर खुणा आल्या. आधी लहान, फाटकाजवळच्या. मग मोठ्या, व्हरांड्यातल्या. मग पायऱ्या. एक, दोन... तिसऱ्या पायरीवर उडी! पडदा भरून रेघ नाचली. आणि पावलं दाराशी थांबली.

"आज शुक्रवार आहे," तो म्हणाला. "केबल माझी."

तिने मागे वळून पाहिलं. त्याच्या केसांत भुसा होता, भरपूर. बोलायचं होतं एक, आणि निघालं दुसरंच. "आज ठोके का नाही दिलेस?"

"पाय उचलला होता. तेवढ्यात मोबाइलवर रेघ बघितली आणि... पृथ्वी बोलत असताना मी कसा मध्ये बोलू? पाय तसाच वर राहिला. एक आजीबाई येऊन विचारून गेल्या, हात देऊ का म्हणून."

ती हसली. हसता हसता डोळे भरले. "मी तुला गोंगाट म्हणाले."

"खरंच होतं ते."

"यंत्राला होतं. मला..." ती अडखळली. "मला तीस दिवस दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. तीन-दोन म्हणजे काय रे?"

"तीन तारा," तो म्हणाला. "दोन माणसं."

 मग तो जवळ आला, हात मागे बांधून, शाळेत पाठ म्हणायला उभं राहावं तसा.

"हे बघ, मी काही शांत माणूस नाही. पायरी दिसली की उडी मारतो. बोलायचं तेव्हा बोलत नाही, भलत्या ठिकाणी पाय आपटतो. हमी अशी मी कसलीच देऊ शकत नाही. पण आत जे आहे ते सगळं उघडं आहे. वाचून घे. मला... तू फार आवडतेस."

तिने खिळ्यावरची केबल काढली, त्याच्या हातात ठेवली, आणि आपला हात काढून घेतलाच नाही.

"मलाही," ती म्हणाली. "आणि गुडघ्याचं काहीतरी बघायला हवं तुझ्या. ताईने सांगितलंय."

"ताईला माझा गुडघा कसा माहीत?"

"मोठी गोष्ट आहे. रविवारी सांगेन."

"रविवार?" त्याचे कान लाल झाले. "रविवारचं ठरलंच नव्हतं आपलं."

"मग आता ठरलं."

शनिवारी सकाळी ती नेहमीसारखी रेघ तपासायला बसली. आदल्या दिवशी, चार वाजून पंचेचाळीस मिनिटांनी, एकोणीस पायऱ्या चढून जाणाऱ्या पावलांच्या दोन रांगा उमटल्या होत्या. सुरुवातीला वेगवेगळ्या, एकमेकींच्या पुढेमागे. सातव्या पायरीपासून मात्र एकत्र. दोन माणसं, आणि ठोका एकच. शेवटून तिसऱ्या पायरीवर दोघांचीही उडी.

तिने रजिस्टर उघडलं. वेळ लिहिली. सेकंद लिहिले. 'कारण' खाली पेन टेकवून ती जराशी थांबली, आणि मग सगळ्यात वळणदार अक्षरात लिहिलं:

आम्ही.